कॅसेटमधलं कडवं

नावडे गावात हळदीची गाणी म्हणावीत ती शांतीबाईंनीच. शहाण्णव साली त्यांचं एक गाणं कुठल्याशा कंपनीच्या कॅसेटवर आलं. वर छापलेलं, 'सर्व हक्क राखीव'. भाचा भावेश भडकला.

"आत्ये, तुजं गानं चोरलं त्यांनी! वाशीला वकील बघतो, केस ठोकू."

"आदी आयकू तरी दे," म्हणत त्यांनी टेप लावायला सांगितला.

गाणारीने शेवटी नवं कडवं जोडलं होतं. नवरी सासरी बिल्डिंगीत चौथ्या मजल्यावर जाते आणि आई खालून हाका मारत राहते. शांतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

रविवारी शेजारच्या मनस्वीच्या हळदीत त्यांनी तेच गाणं म्हटलं, नव्या कडव्यासकट. बायका मुसमुसू लागल्या. भावेशने त्यांना बाजूला घेतलं.

"आत्ये, ते कडवं त्यांचं हाय! आता तेच आपल्यावर केस करतील."

"करू दे," शांतीबाई हसल्या. "हे गानं मी माज्या सासूचं उचललं, वर दोन कडवी माजी घातली. म्हातारी ती दोनी शिकली आन् माज्या मागं बसून गायली."