काश्मिरी आसन

रुपराव सावनेरहून शेतावर कुत्रं न्यायला आला, तेव्हा विश्वनाथ कूलरच्या ताटीत त्याच कुत्र्याचे केस कोंबत होता.

"वाळा दर साली सडतो," कोणी न विचारताच तो म्हणाला. "केस सडत नाही."

"ओले झाले की वास मारतात," त्याची बायको लतिका म्हणाली. "काल रात्रभर आपण ओल्या कुत्र्याच्या पोटात झोपलो होतो."

कुत्र्याचं नाव वकील. उन्हाळा लागला की त्याचे केस निघायला लागत आणि दिवाळीपर्यंत निकाली निघत नसत. लतिकाला ते वरणात सापडत, कुंकवाच्या डबीत सापडत. विश्वनाथचं म्हणणं, जी वस्तू एवढी निघते तिचा उपयोग असलाच पाहिजे. त्याने उशी भरली. पाहुणे शिंकत परत गेले. उंदीर पळावेत म्हणून कोठीत पुंजके ठेवले. उंदरिणीने त्यांच्यावर बाळंतपण उरकलं.

शेवटी वकील विश्वनाथच्या आईला, सुमतीबाईंना, सोवळ्यात शिवला. "या घरात तो राहील नाही तर मी," त्या म्हणाल्या. लतिकाने त्याच दुपारी रुपरावला निरोप धाडला.

"वयनी, चावत त नाही ना थो?"

"नाही हो, रुपरावभाऊ. झडतो फक्त."

"झडू द्या. वावरात कोन पायते?"

लतिकाने वकिलाची थाळी बांधून दिली. वर ती उशीही दिली. रुपरावने पिशवीतून साखळी काढली. साखळी दिसताच वकील सरळ देवघरात शिरला. सुमतीबाई पूजा आटोपून नुकत्याच उठल्या होत्या. त्यांच्या आसनावर त्याने दोन गिरक्या घेतल्या आणि नाक शेपटीत खुपसून तो पडला.

"शिव शिव शिव!" सुमतीबाई ओरडल्या. मग स्वतःच शांत झाल्या. "असू दे. लोकर आहे. लोकरीला विटाळ नसतो. विश्वनाथनं खास काश्मिरी आणलंय. अख्ख्या प्रताप नगरात कोणाकडे आहे असं? इंदुताई भजनाला आल्या तर दहादा हात फिरवून गेल्या. तू काहून तोंड वाकडं करून राहिली गं? तुला कशाचं कौतुकच नाही. सारखं आपलं केस, केस, केस!"

लतिकाच्या हातातला झाडू थांबला. ताटीआडून विश्वनाथने 'सांगू नको' म्हणून जोरजोरात मान हलवली.

"काश्मिरी नाही ते, आई," लतिका म्हणाली. "उमरेडचं आहे. सूत यांनी काढलं, गॅलरीत बसून, टकळीवर. विणलं तिथल्या लहानू कोष्ट्यानं. आणि लोकर..." तिने झाडूने दाखवलं.

सगळ्यांनी पाहिलं. आसन तांबूस होतं, मध्ये पांढरी झाक. वकीलही तसाच. कुत्रं कुठे संपतं आणि आसन कुठे सुरू होतं, ते सांगता येत नव्हतं.

"हे त बरोबर मॅच होऊन राहिलं," रुपराव म्हणाला.

गुरुजींनी त्याच आसनावर बसून सत्यनारायण सांगितला होता. इंदुताईंनी तर ते कपाळाला लावलं होतं.

"रुपराव," सुमतीबाई म्हणाल्या, "ती साखळी ठेवा बाजूला. चहा घ्या."

"अन् कुत्रं?"

"कुठलं कुत्रं? साऱ्या आळीत मी मेंढीची लोकर म्हणून सांगितलंय. माझ्या आसनावर कुत्रं बसत नाही." त्यांनी वकिलाकडे बोट केलं. "मेंढी आहे ती. कळलं ना, लतिका?"

"अहो आई, पण..."

"आणि निघेल ती लोकर केरात टाकत जाऊ नकोस. इंदुताईंनाही एक आसन हवंय."

बाहेर पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली. मेंढी उठली, तिने अंग झाडलं आणि भुंकत भुंकत फाटकाकडे धावली.

लतिका तिच्या मागून वाकून एकेक केस वेचत गेली.