खोटा कॉम्प्युटर

आष्टीतल्या माझ्या दुकानात खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा, नुसत्या प्रोग्रामचा बनलेला कॉम्प्युटर चालतो. त्याला मी लिहून तीनच हुकूम सोडतो: चालू, थांब, बंद. मधेच थांबवलं, तर वेळ गेल्याचं त्या बेण्याला कळतसुद्धा नाही.

आज सकाळी तो अडला. "थांब बे!" म्हणत मी तसं लिहिलं आणि वाफाळता चहा तोंडाला लावला.

चहा थंडगार होता. वर मेलेली माशी.

"कावून बोलत न्हाईत? दुपारपासून हलवतेय तुमाला!" बायको माझा खांदा धरून रडत होती. बाहेर दिवस मावळत होता.

पडद्यावर माझ्याच नावानं दोन हुकूम होते.

सोमेश्वर, थांब.

सोमेश्वर, चालू.

मी वायर उपटायला वाकलो, तेवढ्यात त्याखाली तिसरा उमटायला लागला.