पाय उचलू नका

"पाय उचलू नका, काका!" मिस्त्री पुन्हा ओरडला.

टेम्पोवाल्याने पाय उचललाच होता. मुद्दाम नाही. इंजिनाचा सूर जरा चिरकला की त्याचा पाय आपोआप वर यायचा, मनाला विचारण्याआधीच.

भंगार अड्ड्यातला मिस्त्री हातातला बोळा आपटत खिडकीशी आला. "असं कसं चालेल? ऑइल काढून टाकलंय, इंजिन मारायचं औषध ओतलंय. आता दाबून रेस दिलीत तरच इंजिन आतून धरेल आणि कायमचं बसेल. तुम्ही मध्येच सोडता, मग ते धड जगत नाही, धड मरत नाही. आणि ते मेल्याशिवाय साहेब शिक्का मारायचे नाहीत."

साहेब म्हणजे सरकारी तपासनीस. पत्र्याच्या शेडखाली नाकाला रुमाल लावून तो मोबाइल बघत बसला होता. जुनी डिझेल गाडी मोडीत काढा, विजेवरच्या नव्या गाडीसाठी अनुदान घ्या, हवा स्वच्छ होईल, अशी ती योजना. अट एवढीच, की जुनं इंजिन सरकारच्या डोळ्यांदेखत मेलं पाहिजे. नाहीतर ते मागच्या दाराने निघतं, दुसऱ्या गाडीत बसतं आणि धूर होता तिथेच राहतो.

अनुदान तर हवंच होतं. जुन्या टेम्पोला शहरात शिरायला बंदी झाल्यापासून धंदा बसला होता. टेम्पोवाल्याने दात आवळून रेस दाबली. इंजिन किंचाळलं. त्याचा पाय उठला.

"झालं! परत तेच."

या इंजिनाला त्याने पोटच्या पोरासारखं जपलं होतं. थंडीत बॉनेटवर घरातलं जाड पांघरूण टाकायचा. चढाला लागला की "दमानं गं बाई" म्हणायचा आणि शेजारी बसलेला कुणी हसला तर खुशाल हसू द्यायचा. पहाटे इंजिन नीट गरम झाल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही, हा त्याचा नेम. गाडी उभी असायची स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. बायको आतून म्हणायची, धूर येतोय. हा म्हणायचा, खिडकी लाव.

ती बायको आता शेडच्या खांबाला टेकून उभी होती. टेम्पो तिच्या नावावर, म्हणून सहीपुरती आली होती. डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, गेलं ते परत यायचं नाही, राहिलंय ते सांभाळा. घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं का, असंही विचारलं होतं. दोघांनी नाही म्हटलं. तेव्हापासून टेम्पोवाला वाट बघत होता, की ही कधीतरी बोलेल, भांडेल, चार शिव्या तरी देईल. ती आपली वेळेवर डबा भरून द्यायची. त्या डब्याची त्याला धास्ती वाटू लागली होती.

खांब सोडून ती निघाली. मध्ये थांबत, दम खात टेम्पोपाशी आली आणि तिने दार उघडलं.

"उतरा."

"अगं, इथे धूर आहे. तू लांब उभी राहा."

"आता?"

तो उतरला. दांडीला धरून ती वर चढली आणि सीटवर बसून आधी नुसता श्वास गोळा करत राहिली.

"काकू, जमेल ना?" मिस्त्रीने विचारलं.

"दाबूनच ठेवायचं ना?"

"हो. आवाज बदलेल, घाबरू नका. मी सांगेपर्यंत सोडू नका."

"मी नाही सोडत," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "हिला धाप लागली की ती यांनाच तेवढी ऐकू येते."

तिने रेस दाबली.

इंजिन किंचाळलं, मग आतून कुणी घण घालावेत तसं ठोकू लागलं. टेम्पोचा पत्रा न् पत्रा थरथरला. काळा धूर मागून निघाला, वळून केबिनमध्ये शिरला आणि ती खोकायला लागली. सूर चिरकला, घोगरा झाला, पुन्हा चिरकला. बाहेर मातीवर उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याचा उजवा पाय दोनदा उचलला गेला. आतला पाय हलला नाही. टेम्पोवाल्याला रडू आवरेना. कुणासाठी रडतोस, असं त्या घटकेला कुणी विचारलं असतं, तर तो लाजेने मेला असता.

एक मोठा हिसका बसला आणि इंजिन जागीच धरलं. पंखा थांबला.

"बसलं," मिस्त्री म्हणाला. तपासनीस रुमाल नाकावर धरूनच उठला. शिक्क्याची डबी उघडत तो जवळ येतोय तोच मिस्त्रीने हात वर केला.

"थांबा साहेब. बारीक शिट्टी येतेय. अजून कुठून तरी हवा निघतेय."

बॉनेटमध्ये वाकून त्याने इंजिनाला कान लावला. तपासनिसानेही डबी मिटून कान दिला.

टेम्पोवाला उघड्या दाराशी उभा होता. आत ती स्टीअरिंगवर कपाळ टेकून बसली होती. पाय अजून दाबलेलाच होता.

"ते इंजिन नाही," तो म्हणाला.