उसनं स्वप्न

स्वप्नात एव्हर्टनची वारलेली आई समुद्रावरून चालत यायची आणि त्याच्या कपाळावर ओला हात ठेवायची.

लंडनच्या मनोरुग्णालयात त्याने हे डॉक्टरांना सांगितलं. सांगताना त्या धिप्पाड काळ्या माणसाचा आवाज चढला, हात हलले. डॉक्टर दाराकडे सरकले. चौघांनी त्याला दाबून धरलं आणि सुई टोचली.

"ते स्वप्न आज मी सांगून बघतो," शेजारच्या खाटेवरचा गोरा नायजेल दुसऱ्या दिवशी म्हणाला. त्याने ते तस्संच सांगितलं, चढ्या आवाजात, हात हलवत.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "आईची फार आठवण येते का हो?"

नायजेलने एव्हर्टनच्या खाटेकडे पाहिलं. पलीकडे औषधाच्या गुंगीत एव्हर्टनने डोळे न उघडता "हो" म्हटलं.