मागच्या चाकांचं स्टिअरिंग

शेवटचा बोल्ट सुटला आणि मागच्या चाकांचं स्टिअरिंग मिस्त्रीच्या छातीवरच आलं. त्याने ते वरच्यावर झेललं आणि गाडीखालून बाहेर सरकवलं.

“घे तुझी अवदसा,” तो खालूनच ओरडला. “एका गाडीला वळवणारे दोघे कशाला लागतात रे? पुढची चाकं म्हणणार इकडे, मागची म्हणणार तिकडे.”

म्हाताऱ्याने ते लोखंड बुटाच्या टोकाने बाजूला ढकललं. गाडी त्याने पस्तिशीत हौसेने घेतलेली. जुनी, बुटकी स्पोर्ट्स कार. वळणावर तिची मागची चाकंही किंचित वळायची, आणि तेव्हा लोक वाकून वाकून बघायचे. आता त्या यंत्रणेचा लाल दिवा कायम पेटलेला असायचा. बायको गेली आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. आधी फाटकाला घासली. मग एका उभ्या गाडीचा आरसा उडाला. मुलीने तोंडावर सांगून टाकलं, “बाबा, ही सरळ चालेपर्यंत माझी पोरगी हिच्यात बसणार नाही.”

नातीला शाळेत सोडणं, एवढं एकच काम त्याला उरलं होतं. ते बंद झालं आणि सकाळ खायला उठायला लागली. म्हणून त्याने जीव ओतला. काढलेल्या यंत्रणेच्या जागी बसवायचा भरीव दांडा त्याने स्वतः लेथवर कातला. मिस्त्रीने तो घट्ट आवळला. मागची चाकं जागच्या जागी पक्की झाली. मग गाडीच्या दोन्ही अंगांना दोरा ताणून चाकं त्याच्याशी जुळवली, परत तपासली.

मुलगी शेजारी बसली. मिस्त्री मागच्या इवल्याशा सीटवर, गुडघे हनुवटीला लावून. गोदामांमागचा रस्ता रिकामा होता, फुटपट्टीसारखा सरळ.

“बघ,” म्हातारा खुशीत म्हणाला, “कशी लोण्यासारखी...”

“बाबा!”

डाव्या बाजूने कर्रकन आवाज आला. त्याने ब्रेक दाबला.

“अजून ओढतेच आहे!” तो मिस्त्रीवर उखडला. “दोरा लावलास की पतंग उडवलास?”

मिस्त्रीने म्हाताऱ्याला मागे बसवलं आणि स्वतः गाडी हाणली. रस्त्याच्या मधोमध आल्यावर दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. गाडी सरळ रेषेतून तसूभर ढळली नाही. म्हातारा मागून त्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला.

गाडी थांबली. तिघे खाली उतरले. मुलीने डाव्या दारावरचा लांबलचक ओरखडा बघितला.

“बाबा, एवढी मोठी भिंत दिसली नाही तुम्हाला?”

“कुठली भिंत?”

मिस्त्री त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. “माझ्या नाकाकडे बघ. तुझ्या डाव्या बाजूला माझा हात आहे. बोटं हलली की सांग.”

म्हातारा नाकाकडे बघत उभा राहिला. बघतच राहिला.

“हलव की,” तो म्हणाला.

“केव्हाची हलवतोय रे.”

म्हाताऱ्याने गाडीच्या टपावर हात टेकला.

“पण मग आई असताना...” मुलगी म्हणाली आणि तिचं वाक्य अर्ध्यावरच तुटलं.

बायको शेजारी बसली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. अहो, त्या खांबावरची वेल बघा किती वाढली. सायकलवाल्याने नवी टोपी घेतली वाटतं. या भिंतीला रंग कधी देणार हे लोक? घर ते शाळा, शाळा ते घर. तो नुसता हूं हूं करायचा आणि तिकडे मान वळवून गाडी आपोआप जरा उजवीकडे घ्यायचा. ती जे जे दाखवायची ते सगळं तिच्या, डाव्या बाजूचं असायचं. उजवीकडचं तिने कधी काही दाखवलंच नव्हतं.

त्याने किल्ली मुलीच्या हातात ठेवली.

“तुझी आई गाडीत बडबड करायची ना,” तो म्हणाला, “ती बडबड नव्हती गं. गाडी तीच चालवत होती.”