चाक थांबल्यावर

सयाजीदादाच्या सायकलीचा डायनॅमो पुढच्या चाकाच्या हबमध्येच होता. चाक थांबलं की दिवा विझायचा. आय खिडकीतनं बघायची. दारात दिवा विझला की 'आला' म्हणत भाकरी तव्यावर टाकायची. गेल्या गळिताला बावड्याच्या वळणावर उसाच्या ट्रॉलीला वाट द्यायला दादा थांबला, दिवा विझला, समोरच्या ट्रकवाल्याला दिसलाच नाही. दादा जागीच गेला. सायकल मी नीट केली. बल्ब काढून एलईडी बसवला, वायरीत कपॅसिटर जोडला. आता चाक थांबलं तरी दिवा थोडा वेळ जळत राहील. पहिल्याच संध्याकाळी सायकल दारात लावून आत गेलो. "आय, भूक लागलीया." "थांब रं," ती खिडकीकडं बघत म्हणाली, "दिवा हाय अजून. वाटंतच हाय त्यो." दिवा मंदावला, विझला. "आला," म्हणत तिनं भाकरी तव्यावर टाकली. दाराकडं बघायचा मला धीर झाला नाही.