न कापलेला व्हिडिओ

धाकट्याने पाठवलेला व्हिडिओ पाहून थोरल्याचं डोकंच फिरलं. अंधारा पॅसेज, अर्धवट उघडं दार आणि दारात सुरी घेऊन उभी असलेली आई. आवाज नाही. तिचा चेहरा दिसतोय न दिसतोय तोच काळा पडदा. खाली मजकूर : 'आई आता घरात ठेवण्यासारखी राहिली नाही. वृद्धाश्रमाच्या कागदांवर तुझी सही हवी.'

भुताच्या सिनेमांचे ट्रेलर कापण्यात थोरल्याची पंधरा वर्षं गेली होती. आधी आवाज काढून घ्यायचा, मग दाराची फट दाखवायची आणि माणूस तोंड उघडणार तेवढ्यात कापायचं. मग दारात साधा दूधवाला असला तरी बघणाऱ्याची बोबडी वळते. ही विद्या त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याने तडक धाकट्याचं घर गाठलं. "फोन दे. मला न कापलेला व्हिडिओ बघायचाय, आवाजासकट."

"दादा, तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"ट्रेलरवर विश्वास ठेवायला मी काय तिकीट काढून आलोय?" त्याने फोन हिसकावून घेतला.

व्हिडिओच्या सुरुवातीला पॅसेजमध्ये लख्ख उजेड होता. मग धाकट्याच्या हाताने दिवा बंद केला.

"आई, आता बोलू नकोस. नुसती दारात उभी राहा."

"बरं. ही सुरी ठेवून येऊ? सफरचंद चिरत होते रे."

"नको, असू दे हातात."

"दादाला पाठवणार आहेस ना? मग थांब जरा, केस तेवढे नीट करू दे."